शेख महंमदबाबांची बाडे एकदा पाहू द्या

सप्रेम नमस्कार.

श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमदबाबा यांच्या ओव्या-अभंगांची बाडे, म्हणजे जुनी हस्तलिखिते, आपल्या भागातल्या काही घरांत अजून असतील, असे आम्हाला वाटते. ती एकदा पाहू द्यावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

बाबांचे मूळ गाव वाहिरा, आजच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले. श्रीगोंद्याला तेव्हा चांभारगोंदे म्हणत. मालोजीराजे भोसल्यांनी त्यांना तिथे आणले, असे परंपरा सांगते. पण त्यांच्या चरित्रात मन अडकते ते शिक्षणापाशी. जन्म मुसलमान घरातला. गुरू चांद बोधले, कादरी परंपरेतले सूफी. त्यांचा दर्गा दौलताबादला आहे. आपल्या ‘योगसंग्राम’ या ग्रंथाच्या आरंभी बाबा सांगतात, याच बोधल्यांनी जनार्दनपंतांना आपले केले आणि जनार्दनपंतांनी एकनाथांना उपदेश दिला. म्हणजे पैठणचे नाथ आणि श्रीगोंद्याचे बाबा एकाच गुरुघरचे! आणि सूफी गुरूच्या या शिष्याने योगावरचा हा अठरा प्रसंगांचा, म्हणजे अध्यायांचा, ग्रंथ रचला तो मराठी ओवीत. स्वतःला तो ‘अविंध’ म्हणवतो. अविंध म्हणजे कान न टोचलेला. मुसलमानांना तेव्हा असे म्हणत.

वा. सी. बेंद्रे यांनी बाबांचे साहित्य संपादून छापले, त्यांचे उपकार मोठेच. तरी नकलकार बदलला की शब्द बदलतो, ओवी गळते. आजोबांच्या भजनाच्या वहीतला एखादा अभंग कुठेच छापलेला नसतो. म्हणून फाटकी वहीसुद्धा आम्हाला हवी आहे.

बाड आम्ही नेणार नाही. घरी येऊन, तुमच्या देखत पानांचे फोटो काढू आणि त्यांची एक प्रत तुम्हाला देऊ. पाने चिकटली असतील तर ओढून सोडवू नका, उन्हातही घालू नका. तशीच ठेवून आम्हाला कळवा.

मोडी वाचणारी माणसेही हवीत. पोथी बहुधा बालबोधात, म्हणजे देवनागरीत असते, पण समासातली टिपणे, कोणी कोणासाठी नक्कल केली तो मजकूर, पुष्कळदा मोडीत सापडतो. कॅमेऱ्याचा स्टँड, हार्ड डिस्क आणि गावोगावच्या प्रवासासाठी पैसेही लागतील. जमेल तेवढे द्यावे, वाचनालयात पावती घेऊनच द्यावे.

देवघरातली पोथी असेल तर आम्ही तिला हात लावणार नाही. पाने तुम्हीच उलटा.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय