नाना, तो मिक्सर मी घेतला नाही

तीर्थरूप नानांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून फोन कापता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथं तुम्हाला फोन कापता येणार नाही.

आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओसाठी बघितलेल्या सुरतेच्या त्या आवाजाच्या मिक्सरचे फोटो तुम्हाला पाठवले तेव्हा माझं ठरल्यात जमा होतं. इंग्लंडची बनावट, ऐंशीच्या दशकातला, चोवीस चॅनल, म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे घेता येतील असा, दोन्ही बाजूंना लाकडी कडा आणि फेडरची, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्यांची, ती लांबलचक रांग. भाव एक लाख दहा हजार. खरं सांगायचं तर सल्ला नकोच होता, होकार हवा होता. तुम्ही दोनच प्रश्न विचारले. "सर्किट डायग्राम शे का? पावर सप्लाय बाहेर शे का मझार?" मझार म्हणजे आत. दोन्हींची उत्तरं मला माहीत नव्हती. मग तुम्ही म्हणालात, रविवारच्या गाडीनं जाऊ.

धरणगावला तुम्ही चढलात, अमळनेरला मी. पिशवीत कळण्याची भाकरी, ठेचा, मल्टिमीटर आणि तुम्ही स्वतः बनवलेला तो छोटा दुहेरी पावर सप्लाय. नंदुरबार गेलं, नवापूर आलं. निम्मं स्टेशन महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत, हे तुम्ही मला दर वेळी नव्यानं दाखवता आणि मीही दर वेळी मान डोलावतो. मी मात्र मनातल्या मनात तो मिक्सर आमच्या जिन्यातून वर चढवत होतो. जिना किती रुंद आहे, हे तुम्ही व्याऱ्याजवळ विचारलंत. तेही मोजलेलं नव्हतं.

रांदेर रोडवरच्या त्या बंद स्टुडिओत मालकानं लगेच बटणाकडे हात नेला. "चालू कंडिशन, बघा ना." तुम्ही त्याचा हात धरलात. आधी पावर सप्लायची मोठी केबल मिक्सरपासून सोडवली, मग एकटा सप्लाय चालू करून मल्टिमीटर लावला. एका बाजूला १७.१ व्होल्ट. दुसऱ्या बाजूला २३.४. मी वेड्यासारखा म्हणालो, जास्त आहे म्हणजे चांगलंच ना? तुम्ही हसला नाहीत, याबद्दल वेगळे आभार. रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारा भाग, आरपार गेला की मागचा सगळा दाब सरळ पुढं जातो, आणि टीएल०७२ सारख्या आवाज वाढवणाऱ्या आयसीची सहनशक्ती दोन्हीकडे अठरा-अठरा व्होल्टचीच असते, हे तुम्ही त्याच्याच टेबलावर कागदाच्या तुकड्यावर काढून दाखवलंत. तो माणूस दर गिऱ्हाइकाला दिवे लावून दाखवत होता, आणि दर खेपेला आतल्या दोन-चार आयसी जात असणार. मीटरचे दिवे तेवढे छान लागत होते.

मग तुम्ही तीन चॅनल बाहेर काढले. मालक म्हणाला तो पहिला नाही, तुम्हाला हवे ते: चौथा, तेरावा, बाविसावा. स्वतःच्या सप्लायवर एकेक चालवला. तेराव्याचा फेडर सरकवला की हेडफोनमध्ये खर्रर्र. मला वाटलं धूळ, स्प्रे मारला की झालं. तुम्ही फेडरच्या टोकाला मल्टिमीटर लावलात आणि मला आकडा वाचायला लावलात. ३४० मिलिव्होल्ट डीसी. धुळीची खरखर साफसफाईनं जाते. ही खरखर डीसी अडवायचा तो अलीकडचा कॅपॅसिटर गळतोय म्हणून येतेय, तो बदलल्याशिवाय फेडर कितीही पुसा, पुन्हा तेच. आणि पुसायचाच तर दुकानातलं गंज काढायचं तेल नको, त्यानं आतलं ग्रीस धुऊन जातं. एवढं आधी माहीत असतं तर आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा आवाजाचा खुंटा मी माझ्या हातानं मारला नसता.

तुम्ही एका चॅनलवरचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मोजलेत. २६. चोवीस चॅनलचे ६२४, मास्टर सेक्शन वेगळा. प्रत्येकाचे दोन पाय, म्हणजे सोल्डरचे साधारण साडेबाराशे टाके काढायचे आणि पुन्हा घालायचे. सामान फार महाग नव्हतं, कॅपॅसिटर आणि आयसी धरून पंधरा हजारांत भागलं असतं. एनई५५३२ आणि टीएल०७२ ह्या आयसी आजही नव्या मिळतात. रोज संध्याकाळी दोन तास बसलं तर एक चॅनल, म्हणजे महिनाभर तरी हात सोल्डरिंगवरच. "हाई मशीन नही, संसार शे," तुम्ही म्हणालात. मालकालाही ते कळलं. मराठी समजणारा निघाला.

आणि मग ती रेघ. फ्रेमच्या तळाशी, मागच्या सॉकेटांच्या खाली, पिवळट मातीची बारीक रेघ. तुम्ही नखानं खरवडलीत, बोटांत चोळलीत, माझ्या तळहातावर ठेवलीत. शाडूसारखी मऊ. "हाई तापीनी शे." २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि सुरत बुडाली, तेव्हाचा गाळ. मालक जरा वेळानं म्हणाला, हो, तेव्हा आत पाणी आलं होतं, पण मशीन वाळवलं होतं. आपल्या अमळनेर तालुक्याला वळसा घालून गेलेल्या नदीनं हा मिक्सर माझ्याआधी पाहिला होता. त्या माणसाबद्दल मला राग नाही. तुम्हीही त्याला वर आवाज केला नाहीत. उलट त्या सप्लायचा रेग्युलेटर कोणता टाकायचा, हे त्याला लिहून दिलंत आणि बजावलंत, बदलल्याशिवाय केबल जोडू नको.

परतीच्या गाडीत मी गप्पच होतो. तुम्ही विचारलंत, तुझ्याकडे एका वेळी किती जण गातात? आठ बाया आणि एक ढोलकी. मी म्हणालो, पण जुन्या मिक्सरचा आवाज गरम असतो ना, भाचा रूपर्ट नीव्ह ह्या इंग्लिश डिझायनरच्या डेस्कबद्दल, म्हणजे मिक्सरबद्दल, सांगत असतो. तुम्ही समजावलंत की सत्तरच्या दशकातल्या नीव्हच्या त्या गाजलेल्या मॉड्यूलमध्ये सुटे ट्रान्झिस्टर आणि आत-बाहेर ट्रान्सफॉर्मर असतात. आपण बघितला तो आयसीवाला, त्याची जात वेगळी. वाईट नाही, पण भाच्याच्या डोक्यातली गरमी त्यात नाही. उन्हाळ्यात गरमी मिळाली असती ती निराळीच: तापमान दहा अंशांनी वाढलं की असल्या कॅपॅसिटरचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पंखासुद्धा झळ फेकतो.

पण नाना, मी हे पत्र लिहितोय ते खरं त्यानंतरच्या बुधवारसाठी. न बोलावता तुम्ही आमच्या स्टुडिओत आलात. "तुले मिक्सर कसाले पाहिजे व्हता?" असं विचारलंत. मी सांगितलं, रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत घूं असतं, आणि माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणायला आलेल्या आजीबाई तर मागच्या श्रावणात म्हणाल्याच होत्या, "हाऊ माइक चावस ना भाऊ!" सगळे हसले होते, मीसुद्धा. तुम्ही हसला नाहीत.

तुम्ही सरळ मागच्या अंगणात गेलात. अर्थिंगच्या खड्ड्यावर भाच्याची सायकल, खाली काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. "पयले पानी टाक." सहा बादल्या ओतल्या, खड्डा पिऊन गेला. संध्याकाळी मीठ-कोळसा घालून खड्डा नीट भरवलात, गंजलेली तार बदललीत. मग आत येऊन बघितलंत तर कॉम्प्युटर एका खोलीच्या बोर्डावर, स्पीकर दुसऱ्या खोलीच्या, आणि मधे ऑडिओची केबल. अर्थिंगचा गोल फास तयार झालेला, घूं त्याचंच. सगळं एकाच बोर्डावर आणलंत. एका प्लगची अर्थिंगची पिन घूं कमी व्हावं म्हणून मीच कापली होती. ती पाहून तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही, पण बरोबर बोललात. त्या आजीबाईंच्या ओठांशी माझा निष्काळजीपणा होता.

रात्री हेडफोन लावला, माइक उघडा ठेवला. आवाज आला तो बाहेरच्या पिंपळाचा आणि दूर कुठल्या तरी मोटारीच्या पंपाचा. ह्या खोलीत तो मी कधी ऐकलाच नव्हता.

साठवलेल्या पैशातून दोन बरे माइक घेतले, खोलीला जाड पडदे केले, उरलेले बँकेत आहेत. मिक्सरचं वेड गेलं असं म्हणणार नाही. अजून कुणी जुन्या फेडरचा फोटो टाकला की बोट थांबतं. पण आता मी आधी दोन प्रश्न विचारतो आणि लोक उत्तर देत नाहीत.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल, बाया आदल्या आठवड्यात रेकॉर्डिंगला येणार आहेत. तुम्ही या. तुमचा मल्टिमीटर त्या दिवसापासून माझ्याकडेच राहिलाय. त्याचा नऊ व्होल्टचा सेल उतरला होता, नवा घालून ठेवलाय.

तुमचा,
अमळनेरचा भाऊ