फिरत्या घराला शोभेचे नव्हे, कामाचे मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या बसचे किंवा ट्रकचे फिरते घर करून घेताना ओटा, पलंग, पंखे यांचा खूप विचार होतो. डॅशबोर्डवर मात्र नवी सनमायका चढते आणि मूळचे इशारादिवे तिच्याखाली गाडले जातात. आंबोली, करूळ, आंबा, कुंभार्ली यांपैकी एखादा घाट या गाडीला उतरायचा-चढायचा असतोच, म्हणून हे पत्र.

टेंपरेचर मीटर सगळेच लावतात. पण त्याचा सेंडर, म्हणजे इंजिनात बसून तापमान मीटरला कळवणारा भाग, पाण्यात बुडालेला आहे तोवरच तो खरे सांगतो. होजपाइप फुटून पाणी गेले की सेंडर कोरडा पडतो, काटा चढण्याऐवजी चक्क उतरू शकतो आणि तिकडे इंजिनाचे हेड वाकते. म्हणून रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीचा सेन्सर बसवून त्याला मोठ्या आवाजाचा बझर जोडावा. आमच्या मते पहिले पैसे इथेच घालावेत.

ऑइलचा दिवा पेटतो तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेले असते. मीटर असला तर गरम इंजिनावर रोज दिसणारा आकडा घसरू लागल्याचे आधीच कळते. एअर ब्रेकच्या गाडीतला दोन काट्यांचा हवेचा मीटर आणि त्याचा बझर कधीही काढू नये. उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की हवा कंप्रेसर भरतो त्याहून वेगाने संपते, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकपैकी कुठली बाजू गळते आहे ते त्या दोन काट्यांवरूनच समजते.

२४ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना व्होल्टमीटरवर साधारण २७.५ ते २८.५ दिसावे. २५.५च्या खाली राहिला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. २९च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आणि बॅटरी उकळणार. पंखे-फ्रिजच्या वेगळ्या बॅटरीला मात्र शंटवाला, म्हणजे बॅटरीत आलेला-गेलेला करंट मोजणारा, मॉनिटर हवा, कारण लिथियमचा व्होल्टेज बॅटरी निम्मी संपली तरी फारसा हलत नाही. शंट निगेटिव्हवर बसतो. एकही निगेटिव्ह वायर त्याला चुकवून थेट बॅटरीला गेली, तर हिशेब खोटा येतो.

डिझेल पंप आणि टर्बो मूळचेच असतील तर बूस्ट मीटरवर, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरवर, खर्च करू नये.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत सर्वांत आधी अर्थिंग, म्हणजे चासी-इंजिनाशी असलेली विजेची जोडणी, जाते. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली किंवा गंज चढला की रोध वाढतो. मग नेहमीच्या सेंडरवर टेंपरेचर कमी आणि १० ते १८० ओहमच्या सेंडरवर ऑइल प्रेशर जास्त दिसते, म्हणजे दोन्ही चुका चालकाला बेसावध ठेवणाऱ्या. सेंडर आणि मीटर एकाच रेंजचे घ्यावेत. प्लायवूडच्या डॅशबोर्डवरच्या प्रत्येक मीटरला चासीपर्यंत कथिल चढवलेली तांब्याची वायर द्यावी आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावावी. हेडलाइट लावताच सगळे काटे एकदम हलले, तर मीटर बदलू नका. आधी अर्थिंगचा बोल्ट खोलून घासा.

आपले,
बसबांधणी व ऑटो इलेक्ट्रिक कामातील कारागीर, कुडाळ