बाबा, या वर्षीचा पावसाळा पुण्यात

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणत फोन आईकडे देतात, म्हणून लिहायला बसले. मृगाच्या आधी तुम्ही दोघांनी पुण्याला यायचं, असं मी ठरवलंय. न विचारता ठरवलं याचं वाईट वाटतंय, पण विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात. वाडी तात्यांचा मुलगा बघेल. 'निसर्ग' वादळानंतर एकेक पोफळ तुम्ही पुन्हा लावलीत, ती कोणी वाळू देणार नाही.

सीएलएलचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या रक्ताच्या कर्करोगाचा, रिपोर्ट आल्यापासून बाबा, तुम्ही दोनदा विचारलंत, "माझं काय चुकलं?" काहीच चुकलं नाही. तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा गळल्याचं लिहिलंय, त्यावर मायक्रोआरएनए १५ आणि १६ यांची जनुकं असतात. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचे अगदी छोटे रेणू, जनुकीय लिपीतल्या जेमतेम बावीस अक्षरांचे. जनुकाकडून प्रथिन बनवण्याचा निरोप निघाला की मायक्रोआरएनए त्या निरोपाला चिकटतो आणि काम तिथेच अडवतो. शिंपण्याच्या वेळी आळं भरलं की तुम्ही चिखलाचा गोळा लावून पाट बंद करायचात ना, तसंच. १५ आणि १६ हे बीसीएल-२ नावाच्या प्रथिनाचा पाट अडवतात. ते प्रथिन पेशीला मरू देत नाही. अडवणारेच गेले, म्हणून जुन्या पांढऱ्या पेशी वेळ झाली तरी हटत नाहीत, साठत राहतात. माणसाच्या कर्करोगाशी मायक्रोआरएनएचा संबंध पहिल्यांदा सापडला तो याच आजारात, २००२ मध्ये, कालिन आणि क्रोचे या शास्त्रज्ञांना. तुकडा फक्त त्या पेशींतून गळलाय, तोही मागाहून. तो दोष तुमच्याकडून आमच्यात उतरलेला नाही. हे मनातून काढून टाका.

डॉक्टर औषध देत नाहीत म्हणजे दुर्लक्ष करतात असं नाही. फक्त हा एकच दोष असला की आजार बहुधा फार सावकाश चालतो, आणि त्रास नसताना लवकर औषध सुरू करून आयुष्य वाढत नाही. गरज पडलीच तर त्याच बीसीएल-२ ला रोखणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या आहेत. पण शेजारून आलेल्या व्हिडिओतलं 'आरएनए टॉनिक' अजिबात घ्यायचं नाही! मायक्रोआरएनए बाहेरून देऊन कर्करोग आवरायची एक चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, रुग्णांच्या प्रतिकारशक्तीवर गंभीर परिणाम झाले म्हणून.

मायक्रोआरएनएचं हे अडवणं पहिल्यांदा दिसलं ते एक मिलिमीटरच्या कृमीत, १९९३ मध्ये. अॅम्ब्रॉस आणि रव्हकन या शास्त्रज्ञांना त्यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं. वर्गात तो कृमी शिकवताना मला आपली विहीर आठवते. काठावरची गोगलगाय तुम्ही माझ्या तळहातावर ठेवायचात आणि ती शिंगं बाहेर काढेपर्यंत मला श्वास रोखून उभं करायचात.

पुण्याचा हट्ट एवढ्यासाठीच की या आजारात साधा संसर्गही बळावतो. मागच्या श्रावणात बाबा, तुम्हाला ताप चढला तेव्हा झाड पडून दापोलीचा रस्ता बंद होता. ती रात्र मी पुण्यात कशी काढली, सांगत नाही.

घर तळमजल्यावर आहे, जिना नाही. गॅलरीत झोपाळा टांगून घेतलाय, कड्या जुन्याच, माळ्यावरच्या. साडेपाचचा अर्धा कप चहा मिळेल. आई, तुझी तुळस कुंडीत येईल, आमसुलं आणि मेतकूट मात्र तुझ्याच हातचं आण. गणपतीच्या आठ दिवस आधी तुम्हाला अंजर्ल्याला पोचवेन, माझा शब्द.

तोवर ऐका. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या, माझ्यासमोरच. ताप शंभरच्या वर गेला की गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, आधी मला फोन, मग डॉक्टरांना. बाबा, चिखलात अनवाणी नाही. आई, हे दोघांना लागू आहे, तुझे गुडघे मी विसरलेले नाही.

रविवारी सकाळी गाडी घेऊन निघते. आंब्याच्या पेट्या कोणी उचलायच्या नाहीत, मी आल्यावर मी उचलेन.

तुमची,
छबी