औषधाची बाटली फेकू नका, दवाखान्यात न्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिंतूर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. कापूस पात्या-फुलांवर आलाय, त्यामुळे काउंटरवर दिवसभर फवारणीचीच गर्दी. पंपाला किती मिली टाकायचं हे प्रत्येक जण विचारतो. माणसालाच फवारणीच्या औषधाची बाधा झाली तर काय करायचं, हे विचारणारा क्वचित भेटतो. खोक्यातल्या घडीच्या कागदावर लक्षणं, प्रथमोपचार, उतारा सगळं छापलेलं असतं, पण तो कागद माझ्या दुकानासमोरच उडताना दिसतो.

फवारताना मळमळलं, घाम फुटला की ‘ऊन लागलं’ म्हणून झाडाखाली निजवतात. पण लाळ गळतेय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, अंगावरचं मांस उडतंय, छाती भरून आलीय, तर ते ऊन नव्हे. भिजलेला सदरा अंगावर आहे तोवर विष कातडीतून आत जातच राहतं. कपडे काढा, केसांपासून नखांपर्यंत साबणानं धुवा. धुणाऱ्यानं हाताला निदान कॅरीबॅग गुंडाळावी. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्यानं करावा.

पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजतात, घशात बोटं घालतात, कुणी ताक आणतं. हात जोडून सांगतो, यातलं काहीही करू नका. बऱ्याच औषधांत रॉकेलसारखा द्रव असतो, तो उलटीबरोबर फुफ्फुसात उतरतो. डाव्या कुशीवर निजवा, तोंड पुसा, श्वासाकडे लक्ष ठेवा आणि निघा.

आणि बाटली! पोलिसांच्या धाकानं, लाजेनं घरचे आधी बाटलीच लपवतात. डॉक्टरला नाव कळलं पाहिजे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या कीटकनाशकांवर ॲट्रोपिन हा उतारा चालतो; धान्यात ठेवायच्या गोळीवर किंवा पॅराक्वाट तणनाशकावर तो उतारा नाही. जिवाला कंटाळून कुणी औषध घेतलं असलं, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायला सांगितलंय, शिक्षा करायला नाही. बाटली लपवून कुणाचीच अब्रू वाचत नाही. रोगी बोलायला लागला म्हणून हट्टानं घरी आणू नका. एक ते चार दिवसांत मान टाकून श्वास बंद पडल्याची प्रकरणं डॉक्टरांना चांगली माहीत आहेत.

शेतातल्या आखाड्यावर थंड्याच्या बाटलीत औषध काढून ठेवायची सवय तर आजच मोडा. लेकराला त्यातलं काय कळणार? आम्हा दुकानदारांनीही सुटं औषध देऊ नये.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं विषबाधेनं दगावली, तेव्हा यावर पानंच्या पानं छापून आली. आपण कीटकनाशकांच्या मोठ्या जाहिराती छापता. त्यांच्याशेजारी या मोसमात रोज एक चौकट द्यावी : कपडे काढा, धुवा, उलटी करवू नका, बाटली सोबत न्या. खाली १०८ आणि दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक, ठळक अक्षरांत.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक
ता. जिंतूर, जि. परभणी