यंदाची दिवाळी आणि बल्गेरियाची पानगळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला बल्गेरियावरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. शेवटी मात्र ‘दिवाळीच्या सुट्टीत पानगळीचे रंग बघायला उत्तम’ असा शेरा मारला आहे, त्यासाठी हे पत्र. तो वाचून आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी दोघांनी लागलीच मुलांना फोन लावून विमानाची तिकिटं बघायला सांगितली.

यंदा अधिक ज्येष्ठ आला, हे लेखकाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. त्यामुळं सगळे सण पुढं सरकलेत. दसरा २० ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या विशीतच उरकली होती, तेव्हा हा सल्ला अगदी बरोबर ठरला असता. पण रिला, पिरिन आणि रोडोपीच्या डोंगरातली झाडं काही आपलं पंचांग बघत नाहीत. तिकडं रंग वरून खाली उतरतो. सप्टेंबर संपता संपता उंचावर सुरुवात होते, ऑक्टोबरच्या मध्यापासून मधल्या उतारांवरची बीच नावाच्या झाडांची जंगलं तांबूस-सोनेरी होतात आणि नोव्हेंबर लागला की त्याच उतारांवर नुसत्या काटक्या उरतात. भाऊबीज करून निघालेल्या माणसाला वर हिरवे पाइन दिसतील, त्यांच्यावर कदाचित बर्फ दिसेल, आणि बान्स्को या डोंगरातल्या पर्यटकांच्या गावात अर्धी हॉटेलं बंद दिसतील. कारण चालणाऱ्यांचा मोसम तोवर संपलेला असतो आणि स्कीवाल्यांचा डिसेंबरात सुरू होतो.

मी पूर्वी एकदा ऑक्टोबरात तिकडे जाऊन आलोय आणि यंदा सौ., मेहुणी आणि साडू अशा चौघांचा बेत करतोय. मी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो, वडील इथल्या, कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होते. तेव्हा बल्गेरिया म्हटल्यावर लोकांना गुलाब आठवतात, मला गाडी आठवते. (गुलाबांचं म्हणाल तर कझानलाकच्या खोऱ्यातली तोडणी मे-जूनमध्ये होते. ऑक्टोबरात ‘रोझ व्हॅली’ दाखवणाऱ्या सहलीत फक्त दुकानातली अत्तराची कुपी बघायला मिळते.)

सोफिया-प्लोव्दिव मुख्य मार्गावर सेप्टेंव्री नावाचं जंक्शन आहे. तिथून दोब्रिनिश्तेपर्यंत १२५ किलोमीटरची नॅरोगेज लाइन डोंगरात शिरते. काम १९२१ साली सुरू झालं आणि शेवटच्या स्टेशनात गाडी पोचायला १९४५ उजाडलं. गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, ७६० मिलिमीटर. आमच्या बार्शी लाइटचं ७६२. दोन मिलिमीटरचा फरक. वडील असते तर म्हणाले असते, घासून बसवू. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू झालेली ती गाडी ब्रॉडगेजच्या कामात गेली. तिथली मात्र अजून रोजच्या उतारूंना घेऊन धावते.

मागच्या खेपेला वाटेतल्या वेलिंग्रादच्या फलाटावर लाल टोपीतला स्टेशनमास्तर हातातली चकती वर करून गाडी सोडत होता. ते बघून माझा हात खिशात नसलेल्या शिट्टीकडे गेला. तिथून पुढं खरा चढ लागतो. भोर घाटात आपण मागं बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावून गाडी चढवतो. इथं बँकर नाही. रूळच डोंगराभोवती वळसे घेत, बोगद्यांतून फिरत, स्वतःच्याच डोक्यावरून जात उंची गाठतात. बोगद्यात शिरण्याआधी डाव्या खिडकीत लाल कौलांचं एक घर होतं, अंगणात लाकडाची चळत. बाहेर आलो तर तेच घर उजवीकडं आणि बरंच खाली. आव्रामोवो हे बाल्कन द्वीपकल्पातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन, १२६७ मीटर. म्हणजे महाबळेश्वरहून थोडं कमीच, पण गारठा असा की सौ.नं कानाला मफलर गुंडाळला तो दोब्रिनिश्तेपर्यंत सोडला नाही. सगळ्या प्रवासाला पाचेक तास लागतात. ज्यांना घाई आहे त्यांनी बान्स्कोला बसनं जावं, ती निम्म्या वेळात पोचवते. पण खिडकीजवळ बसून रंग बघायचे असतील तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

इथं घड्याळाचा मुद्दा येतो. तो लेखात नाही आणि कुठली सहल कंपनीही सांगत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागं जातात. यंदा ती तारीख २५ ऑक्टोबर. त्यानंतर सोफियात सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो, नोव्हेंबरच्या दहा तारखेच्या सुमारास पाचलाच अंधारून येतं. दुपारी सेप्टेंव्रीहून सुटणारी गाडी मग निम्मा घाट काळोखात चढते. म्हणून आमचा गाडीचा दिवस २३ ऑक्टोबर ठरलाय.

याहून थोडं आधी गेलेलं उत्तम, हे मलाही कळतं. पण ११ तारखेला घट बसतात आणि घट बसलेले असताना सौ. घर सोडणार नाही, त्यावर चर्चा नाही. म्हणून दसरा करून २१ला निघायचं. ज्यांच्याकडं घट नाहीत त्यांनी खुशाल आधी जावं. १९ ऑक्टोबरला संत इव्हान रिल्स्की यांचा दिवस असतो, रिलाच्या मठात त्या दिवशी गर्दी होते. दहाव्या शतकात त्यांनी सुरू केलेला हा मठ १८३३ साली आगीत जळाला आणि पुढं लोकवर्गणीतून पुन्हा उभा राहिला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी आणि भोवती रंगलेला डोंगर, असं ते एकदम दिसतं. रिला डोंगरातली वरची सात सरोवरं २१०० ते २५०० मीटरवर आहेत, तिथं ऑक्टोबरातही बर्फ पडू शकतो. साठी उलटलेल्यांनी चेअरलिफ्ट चालू आहे का, हे आदल्या दिवशी विचारूनच निघावं.

व्हिसाचं आता बदललंय. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला, वेगळा व्हिसा लागत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. फी ९० युरो, आणि ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा हवा. हे पत्र लिहितोय तेव्हा आमच्या स्टेशनावर आषाढीची गर्दी आहे. ऑक्टोबरात जायचं तर वारी परतायच्या आत फाइल तयार पाहिजे. एक फसगत टाळा. ‘बाल्कनमधले पाच देश’ अशा पॅकेजांत सोफियाहून स्कोपियेला नेतात, मदर तेरेसांचं जन्मगाव म्हणून लोकही हौसेनं जातात. पण उत्तर मॅसिडोनिया आणि सर्बिया शेंगेनमध्ये नाहीत. सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच आत सोडणाऱ्या व्हिसावर तिकडं पाऊल टाकलं की सोफियाला परतायची वाट बंद. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे एजंटनं सांगितलंच नव्हतं.

पैशांचंही तसंच. यंदा १ जानेवारीपासून तिथं युरो आला, लेव्ह हे जुनं चलन गेलं. जुन्या नोटा कुणी गल्लीत स्वस्तात देऊ केल्या तर घेऊ नका.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. बोब चोरबा म्हणजे घेवड्याच्या बियांचं पातळ कालवण, वर पुदिन्यासारख्या वासाचा वाळलेला पाला. रोडोपीत पातातनिक मिळतं, किसलेल्या बटाट्याचं जाड धिरडंच म्हणा ना. दही तर विचारूच नका. त्यातला जिवाणू १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्यानं ओळखला, म्हणून नावात अजून ‘बल्गेरिकस’ आहे. एक सांभाळा: तिथं नकार देताना मान वरखाली होते. ‘यात मांस आहे का’ असं विचारून मानेकडं बघितलंत तर घोटाळा. तोंडानं ‘दा’ (हो) म्हणतायत की ‘ने’ (नाही), ते ऐका.

रोडोपीबद्दल आणखी एक गोष्ट, जी पुरवणीत चौकटीत शोभली असती. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर रोडोपीतल्या वाल्या बाल्कान्स्का यांचा आवाजही आहे, मागं दोन मशकी वाद्यांचा घुमारा. त्यांचं गाव आर्दा, स्मोल्यानच्या बाजूला. साडूंना गाण्याचं वेड आहे, त्यामुळं आमचे दोन दिवस त्या अंगाला राखून ठेवलेत.

आता ज्यांना मुलांच्या शाळेमुळं दिवाळीशिवाय जमणारच नाही, त्यांनी डोंगर सोडून सखल भाग धरावा. प्लोव्दिवचं जुनं गाव, दक्षिणेला मेलनिकचे वाळूचे सुळके आणि द्राक्षमळे, सोफियाला लागून बोयानाच्या चर्चमधली १२५९ सालची भित्तिचित्रं. तिकडं नोव्हेंबरातही चार पानं झाडांवर सापडतील. पण त्याला ‘फॉल कलर्स’ म्हणून जास्तीचे पैसे मोजू नयेत.

आपल्या पुरवणीत परदेशी ठिकाणांवर लिहिताना महिना आणि शक्य तर आठवडा छापावा, ‘दिवाळीत’ असं मोघम लिहू नये, एवढीच विनंती. दिवाळी दरवर्षी तीन-चार आठवड्यांच्या पट्ट्यात मागंपुढं होते आणि विमानाचं तिकीट परत होत नाही.

जाता जाता, २५ ऑक्टोबरला कोजागिरीही आहे. त्या रात्री आम्ही बान्स्कोत असू. केशर आणि मसाल्याची पुडी सौ.नं आत्ताच बॅगेच्या यादीत लिहून ठेवली आहे. दूध तिथलं चांगलं असतं.

आपला,
एक निवृत्त गार्ड
कुर्डुवाडी, जि. सोलापूर