रविवारच्या लेखन बैठकीविषयी सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. सांगलीत गावभागातील आपली लेखन बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता नेहमीच्या जागी होईल. या वेळी २०१९ च्या महापुराचा आपला अनुभव लिहायचा आहे. येताना साधी वही व पेन आणावे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्यासोबत १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटनेसोबत त्या वेळच्या भावनाही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढील काही महिन्यांत कमी झाल्याचे दिसले. मात्र लिहून उठताच त्यांना अधिक उदास वाटत होते. म्हणूनच लिहून झाल्यावर लगेच निघू नये, चहाला थांबावे, ही कळकळीची विनंती.

२०१९ च्या महापुराविषयी आपल्यापैकी अनेकजण आजही ‘पाणी जिन्याच्या वरच्या पायरीला लागले’ एवढेच सांगून थांबतात. त्या रात्री माळ्यावर बसून मनात काय चालले होते, हे शुद्धलेखनाची वा खाडाखोडीची फिकीर न करता वहीत उतरवावे. वाचून दाखवण्याची सक्ती नाही, दुसऱ्याची वही कोणीही उघडू नये, आणि लिहिलेले पान फाडून टाकले तरी चालेल.

त्रास असह्य वाटला तर पेन खाली ठेवावे. लेखन हा उपचारांना पर्याय नाही. झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येते.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवावे.