क्रिएटिनीनबरोबर लघवीतील अल्ब्युमिनही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार असल्याचे निदान झाले, की रुग्ण आणि त्याचे नातेवाईक यांचे सारे लक्ष रक्तातील क्रिएटिनीनच्या (स्नायूंत तयार होणाऱ्या आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणाऱ्या टाकाऊ द्रव्याच्या) आकड्यावर खिळते आणि तो आकडा वाढलेला नाही एवढ्यावर ते समाधान मानतात. मूत्रपिंडविकार विभागात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम करताना हे समाधान किती फसवे ठरते ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी कार्यक्षमता गमावल्यानंतरही क्रिएटिनीन 'नॉर्मल' मर्यादेत दिसू शकते. स्नायू कमी असलेल्या कृश, वृद्ध व्यक्तींमध्ये तर ते आणखी उशिरा वाढते. क्रिएटिनीनसोबत वय आणि लिंग लक्षात घेऊन काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज) त्याहून भरवशाचा असतो, परंतु तोही मूत्रपिंडे आज कोठे आहेत एवढेच सांगतो. ती पुढे किती वेगाने खालावतील, याचा अंदाज प्रामुख्याने लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून येतो. लघवीतील दर ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी, ३० ते ३०० आणि ३०० पेक्षा जास्त अशा त्याच्या तीन पायऱ्या मानतात. ईजीएफआर ५० असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाचे हे प्रमाण १० आणि दुसऱ्याचे ८०० असेल, तर दोघांचे भवितव्य सारखे मानता येत नाही. मूत्रपिंडे निकामी होण्याची शक्यता वर्तवणारे एक सूत्र २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या सर्वांत सोप्या उपयुक्त रूपाला वय, लिंग, ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन एवढ्या चारच गोष्टी लागतात.

हा विकार स्वतःच स्वतःला वाढवतो, हेही रुग्णांना क्वचितच कोणी समजावून सांगते. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन (रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) असतात आणि नष्ट झालेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. उरलेल्यांवर जादा भार पडतो, त्यांच्या गाळणीतील दाब वाढतो, गाळणीतून प्रथिने झिरपू लागतात, तेथे व्रण धरतात आणि आणखी नेफ्रॉन निकामी होतात. त्यामुळे मूळ आजार शमला तरी ऱ्हास सुरूच राहू शकतो. रक्तदाब आटोक्यात ठेवण्याला आणि गाळणीवरील दाब कमी करणाऱ्या औषधांना एवढे महत्त्व आहे ते यामुळेच. लोसार्टन आणि इर्बेसार्टन ही औषधे मधुमेही रुग्णांमध्ये हा ऱ्हास मंदावतात, हे २००१ मध्येच दिसून आले होते. मधुमेहासाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिनचा लाभ मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडविकारग्रस्तांनाही होतो, हे २०२० मध्ये सिद्ध झाले.

येथेच एक मोठी अडचण उभी राहते. ही औषधे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनीन थोडे वाढू शकते. लोसार्टनच्या वर्गातील औषधांच्या बाबतीत ही वाढ ३० टक्क्यांपर्यंत असेल, तर सहसा औषध थांबवत नाहीत. पोटॅशियम आणि क्रिएटिनीन तपासत पुढे जातात. मात्र वाढलेला आकडा पाहून घाबरलेला रुग्ण डॉक्टरांना न विचारताच गोळी बंद करतो आणि ज्या औषधाने त्याची काही वर्षे वाचली असती, तेच औषध सुटते. याचे मला फार वाईट वाटते, कारण दोन मिनिटे समजावून सांगितले असते तर हे टळले असते.

अनियंत्रित रक्तशर्करा, धूम्रपान, लठ्ठपणा, जेवणातील जादा मीठ आणि रक्तातील वाढलेली आम्लता यांमुळेही ऱ्हासाचा वेग वाढतो. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नसतात. दुकानातून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांबाबत मात्र ठळकपणे सांगायला हवे. त्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. लोसार्टनच्या वर्गातील रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, त्यात उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडलेले असताना त्या घेतल्या, तर मूत्रपिंडांना अचानक इजा होऊ शकते. अशा प्रत्येक प्रसंगानंतर मूत्रपिंडे पूर्वपदावर येतीलच असे नाही. म्हणून आजारपणाच्या दिवसांत कोणती औषधे तात्पुरती थांबवायची, हे रुग्णाने आधीच विचारून ठेवावे.

आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक मजकुरात लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनीन यांच्या गुणोत्तराच्या चाचणीची माहिती नियमितपणे यावी, अशी विनंती आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी ती वर्षातून किमान एकदा करावी. तिला लघवीचा थोडासा नमुना पुरतो आणि उपाशी राहावे लागत नाही. ताप, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांमुळे अल्ब्युमिन तात्पुरते वाढू शकते. म्हणून प्रमाण जास्त आढळल्यास तीन महिन्यांच्या आत चाचणी पुन्हा करून खात्री करून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका